शिकलेला नेता आणि शिकणारा नेता

ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ आली की पारावर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "या वेळी जरा शिकलेलं माणूस निवडून द्या." सगळं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलेल्या माझ्यासारखीला हे ऐकून बरं वाटायला हवं. पण निवृत्तीनंतर पंचायतीच्या नव्या सदस्यांना हिशेब आणि कागदपत्रं समजावून द्यायला जाऊ लागले, तेव्हापासून हे वाक्य मला खटकतं. लोकांची अपेक्षा रास्त असते. मात्र ती ज्या खुणेवर भिस्त ठेवते, ती खूण भलत्याच गोष्टीची असते.

शिक्षण झालेलं असणं ही मागे घडून गेलेली गोष्ट. अमुक वयात अमुक अभ्यासक्रम पुरा केला, परीक्षा दिली, दाखला मिळाला. त्यात त्या माणसाची मेहनत असते, तसंच घरचं पाठबळ आणि गावात शाळा असण्या-नसण्याचं नशीबही असतं. शिकत राहणं ही आजची, रोजची गोष्ट आहे. समोर न समजलेला कागद आला की माणूस काय करतो, कोणाला विचारतो, समजल्यावर आपला निर्णय बदलतो का, हे तिथे दिसतं. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात पहिल्या गोष्टीसाठी रकाना असतो, दुसरीसाठी नसतो. म्हणून आपण रकान्यात लिहिलेलं वाचतो आणि उरलेलं गृहीत धरतो.

ही गल्लत जुनी आहे. १९२९ साली सायमन कमिशनपुढे मांडलेल्या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली, तेव्हा मतदार साक्षर हवा असं म्हणणाऱ्यांच्या दोन चुका त्यांनी दाखवून दिल्या होत्या. निरक्षर माणूस बुद्धीनेही कमीच असणार असं समजणं ही पहिली. साक्षरता आली की समज आपोआप वाढते असं मानणं ही दुसरी. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या मिळवलेला विद्वान हे सांगत होता, म्हणून मला त्याचं मोल अधिक वाटतं. बाबासाहेबांना शिक्षण किती महत्त्वाचं वाटे हे वेगळं सांगायला नको. पण कोणाला बाहेर ठेवण्यासाठी ते अडसर म्हणून वापरायला त्यांनी ठाम नकार दिला.

घटना समितीतही हा प्रश्न होता. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी राजेंद्रप्रसादांनी खंत बोलून दाखवली, की कायदा राबवणाऱ्यांकडून आपण मोठी पात्रता मागतो आणि कायदा करणाऱ्यांकडून निवडून येण्यापलीकडे काहीच मागत नाही. त्यांची खंत मला समजते. पण आमदार-खासदारांना आजही शिक्षणाची अट नाही आणि ती आली ती थेट गावपातळीवर. राजस्थानात २०१४ मध्ये, हरियाणात २०१५ मध्ये. हरियाणाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वैध ठरवला. राजस्थानने आपला २०१९ मध्ये मागे घेतला. आपल्याकडे २०१७ मध्ये थेट सरपंच निवडीबरोबर नियम आला, की १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या उमेदवाराने सातवी उत्तीर्ण असलं पाहिजे.

सातवी म्हणजे काही फार नाही, त्या पिढीला शाळा होतीच, असं या अटीच्या बाजूने म्हणतात. शाळा होती, खरं आहे. पण दरवर्षी दिवाळीच्या आसपास आईबापांच्या ऊसतोड टोळीबरोबर साखर कारखान्याच्या तळावर जाणारी मुलगी त्या शाळेत किती दिवस बसली? पटावर तिचं नाव राहिलं, ती नाही राहिली. शाळेने आणि सरकारने तिला धरून ठेवलं नाही, आणि आता त्याची भरपाई तिच्याकडूनच मागायची, हे मला एक शिक्षिका म्हणून पटत नाही.

प्रत्यक्षात काय दिसतं ते सांगते. एका गावच्या सरपंचबाई महिला राखीव जागेवरून निवडून आल्या होत्या. अक्षर लावून लावून वाचायच्या, सहीला वेळ लागायचा. वित्त आयोगाच्या निधीचा विषय निघाला. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात बंधित आणि अबंधित असे दोन भाग असतात. बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा, अबंधित भाग गावाच्या गरजेप्रमाणे. ग्रामसेवक म्हणाले, पाणी सोडणाऱ्या माणसाचा थकलेला पगार अबंधितमधून काढू. बाईंनी एवढंच विचारलं, "भाऊसाहेब, ते कुठं लिवलंय ते दाखवा." परिपत्रक निघालं. बाईंनी बोट ठेवून एकेक ओळ मला वाचायला लावली. अबंधित निधीतून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही, हे तिथे लिहिलेलंच होतं. मग त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, मग पगार कशातून? त्यावर तासभर चर्चा चालली. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली किती, थकबाकी कोणाकडे, घरपट्टी आकारणीच्या नमुना आठच्या नोंदवहीत किती घरांची नोंद जुनीच राहिली आहे, इथपर्यंत विषय गेला. पुढच्या बैठकीला त्या आल्या तेव्हा थकबाकीदारांची यादी पिशवीत होती आणि तिच्यात त्यांच्या दिराचंही नाव होतं.

दुसऱ्या एका गावचे सरपंच इंजिनीयर होते. हुशार आणि मनाने चांगले. नळयोजना नवी झाली आणि वरच्या आळीला पाणी चढेना. गावात पाणी सोडणारे म्हातारे काका होते, त्यांना ठाऊक होतं की खालच्या आळीचा व्हॉल्व्ह आधी उघडला की दाब पडतो, आधी वरची आळी भरून घ्यायची. त्यांना कोणी विचारलंच नाही. पंप बदलायचा ठराव झाला. इंजिनीयर असल्याने आपल्याला पाण्याचं कळतं अशी त्या सरपंचांची खात्री होती, आणि अशी खात्री असली की माणूस विचारायचा थांबतो. पदवीचा हा एक धोका आहे. सगळ्यांना तो होतो असं नाही, पण पदवी नसलेल्याला निदान हा धोका नसतो.

आता उलट बाजूची गल्लतही तितकीच होते आणि ती मला जास्त त्रास देते. "कामराज कुठं शिकले होते? वसंतदादा कुठं शिकले होते?" असं म्हणून शाळेचीच किंमत कमी करणारे लोक आहेत. कामराजांची शाळा लहानपणीच सुटली हे खरं. पण मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी मद्रास राज्यात खेडोपाडी शाळा आणि मुलांना दुपारचं जेवण यांवर भर दिला. वसंतदादांचं शालेय शिक्षण फार झालं नव्हतं आणि १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी त्यांच्याच कारकिर्दीत मिळाली. त्या धोरणाचे बरेवाईट परिणाम आपण पाहतो आहोत, त्यावर वाद व्हावा. पण आपल्याला जे मिळालं नाही ते पुढच्यांना मिळावं, ही या दोघांची धडपड होती. शाळा नसली तरी चालतं, असा दाखला त्यांच्या नावाने देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा नांदतात हे पाहायचं तर यशवंतराव चव्हाण आहेत. बी. ए., मग वकिली. पण त्यांच्या वाचनाला खरं वळण लागलं ते १९३२ नंतरच्या तुरुंगवासात, येरवड्यात आचार्य भागवतांसारख्यांच्या सहवासात. आणि मुख्यमंत्री झाल्यावरही त्यांचा ग्रंथसंग्रह वाढतच राहिला. १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं, तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी वाईच्या पाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आले. विद्वत्ता कुठून आली यापेक्षा ती आहे का, हे पाहणारी नजर त्या काळी सत्तेत होती.

बाबासाहेबांनी १९५६ मध्ये, आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, राजकारणात येऊ पाहणाऱ्यांसाठी मुंबईत एक प्रशिक्षण शाळा सुरू केली होती. अट घालून बाहेर ठेवण्यापेक्षा आत घेऊन शिकवायचं, हा मार्ग त्यांनी धरला. तो आपण पुढे नेलेला नाही. आज नव्या सरपंचांना यशदा या राज्य सरकारच्या प्रशिक्षण संस्थेच्या पुढाकाराने प्रशिक्षण मिळतं, पुस्तिका मिळतात. पण प्रशिक्षण बहुधा सुरुवातीला होतं, आणि खरे प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पडतात, जेव्हा लेखापरीक्षणाचे आक्षेप येतात. तेव्हा विचारायला जवळ कोणी नसतं. प्रत्येक तालुक्याला निवृत्त शिक्षक, निवृत्त लेखाधिकारी आहेत. महिन्यातून एकदा पंचायत समितीत त्यांना बसवलं तरी पुष्कळ होईल.

आणि सातवीच्या अटीच्या जागी मला एकच अट चालेल. अंदाजपत्रकाची ग्रामसभा असेल तेव्हा ते ग्रामसेवकाने खाली मान घालून वाचून दाखवायचं नाही. सरपंचाने, मग तो पदवीधर असो की अंगठेबहाद्दर, आपल्या शब्दांत गावाला समजावून सांगायचं, आणि लोकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं स्वतः द्यायची. उत्तर येत नसेल तर पुढच्या सभेत द्यायचं, आणि तसं इतिवृत्तात लिहून ठेवायचं.