एकाचं वय, दुसऱ्याचं उरलेलं आयुष्य

बुटीबोरीतल्या एका कारखान्यात रात्री काम चालू होतं. सोबतचा पोरगा स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाला, "भाऊ, ही नोंद 40 सेकंदांची. एकदम ताजी!" राउटरांनी आपसात मार्ग ठरवायचे दोन प्रोटोकॉल, म्हणजे नियमसंच: ओएसपीएफ आणि आयएस-आयएस. पोरगा ओएसपीएफवर शिकलेला, समोर होतं आयएस-आयएस. नोंद शेवटच्या घटका मोजत होती. ज्या राउटरची ती, त्याची वीज पाव तासापूर्वीच गेली होती.

काम दोन्ही प्रोटोकॉलचं एकच: प्रत्येक राउटरने आपल्या लिंकची नोंद सगळ्यांना द्यायची, जुनी झाली की पुसायची. घोळ आकड्याच्या दिशेत आहे. ओएसपीएफ वय मोजतं, शून्यापासून वर. मालक राउटर 1800 सेकंदांनी नवी प्रत काढतो. तो गप्प बसला तर 3600 ला नोंद बाद. आयएस-आयएसचं मोबाईलच्या रिचार्जसारखं. मूळ मानकात 1200 सेकंद घेऊन निघायचं, उलटं मोजायचं, 900 सेकंद झाले की पुन्हा भरायचं.

मुद्दाम पुसायचं असेल तर ओएसपीएफ वय 3600 करून नोंद सगळीकडे धाडतं, आयएस-आयएस आयुष्य शून्य करून. सॉफ्टवेअरची गडबड बहुतेक इथंच होते. सगळ्यांची पोच येण्याआधी नोंद काढून टाकली, तर ज्या शेजाऱ्याकडे जुनी प्रत आहे तो तीच परत आणून देतो. म्हणून ओएसपीएफच्या 1998 च्या मानक दस्तऐवजाची, आरएफसी 2328 ची, अट आहे: कुणाची पोच बाकी नको, आणि कुणा शेजाऱ्याशी डेटाबेसची देवाणघेवाण अर्धवट नको. आयएस-आयएसमध्ये मेलेल्या नोंदीचा मथळा (हेडर) 60 सेकंद जपून ठेवतात.

वयाचा किंवा आयुष्याचा हा आकडा वाटेत बदलतो, म्हणून दोघांच्याही चेकसममध्ये, म्हणजे नोंद बिघडली का ते ओळखायच्या बेरजेत, तो नाही. आयएस-आयएसला हे फार झोंबतं. वाटेत 1100 चे 2 झाले, की धडधाकट नोंद सगळीकडून पुसली जाते, मालक नवी काढतो, तीही बिघडते. 2016 च्या आरएफसी 7987 ने इलाज सांगितला: आलेलं आयुष्य शून्य नसेल पण कमी असेल, तर घेणाऱ्याने आपल्या कमाल मर्यादेइतकं धरावं. मेलेली नोंद त्यामुळे जरा जास्त रेंगाळते. मला तो सौदा पटतो, कारण लिंक दोन्ही टोकांनी सांगितल्याशिवाय मार्ग काढताना धरतच नाहीत.

पोराने मग ओएसपीएफवाल्या साइटचा राउटर उघडला. एका नोंदीचं वय 2900.

"3600 ला अजून वेळ आहे, म्हणजे ठीक ना?"

"1800 ला नवी प्रत यायला पाहिजे होती. आली काहून नाही, ते बघ आधी."