चान्स येईपर्यंत थांबा: टर्न-बेस्ड लढाई कंटाळवाणी कशी झाली

आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन साहस करायचे खेळ, खेळणाऱ्यांत टर्न-बेस्ड, म्हणजे आळीपाळीच्या लढाईवरून वाद जुना आहे. एक म्हणतो, चार पावलं टाकली की लढाई, तोच मेन्यू, तोच ‘अटॅक’, झोप येते. दुसरा म्हणतो, अरे, डोकं चालवायला यातच तर मिळतं. माझ्या मते दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडतात. आळीपाळीने वार करणं वेगळं, आणि तीच लढाई पन्नासदा खेळायला लावणं वेगळं. ही गाठ कधी बसली, ते पाहण्यासारखं आहे.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर खेळायचा आरपीजी आला, तेव्हा आळीपाळीला पर्यायच नव्हता. फासे टाका, बेरीज करा, मग पुढच्याचा चान्स. टेबलाभोवती बसलेल्या मंडळींना संध्याकाळभरात दोन-तीन लढाया पुरत. १९८१ मध्ये ‘विझर्ड्री’ने हा प्रकार ॲपल टू संगणकावर आणला आणि फासे टाकायचं काम मशीनकडे गेलं. मशीन काही दमत नाही. लढाया वाढल्या.

जपानी गेम डिझायनर युजी होरी ‘विझर्ड्री’च्या प्रेमात होता. त्याने १९८६ मध्ये निन्टेंडोच्या फॅमिकॉम कन्सोलसाठी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ केला. अख्खा खेळ ६४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवायचा होता. जग छोटं, मग खेळ लांबवायचा कसा? वाटेत अचानक शत्रू उपटतात आणि लेव्हल वाढवल्याशिवाय पुढचा पूल ओलांडायची सोय नाही. पहिल्या बढतीला ७ गुण लागतात आणि एक स्लाइम (चिकट गोळ्यासारखा किरकोळ शत्रू) मारला की मिळतो १. म्हणजे किल्ल्याबाहेर घिरट्या घालत सात स्लाइम. कंटाळ्याचं मूळ मला इथे दिसतं. त्या काळच्या पोरांना मात्र ही मेहनतच वाटली असणार.

पुढच्याच वर्षी आलेल्या पहिल्या ‘फायनल फँटसी’त आणखी एक खोच होती. चौघांना हुकूम आधीच देऊन ठेवायचे. दोघांना एकाच गॉब्लिनवर सोडलं आणि पहिल्याच्या वारात तो मेला, तर दुसऱ्याची तलवार हवेत फिरायची आणि चान्स फुकट. नंतरच्या आवृत्त्यांत वार आपोआप दुसऱ्या शत्रूकडे वळू लागला. खेळ सोपा झाला, पण आधी विचार करायची गरजही थोडी गेली.

आता कंटाळ्यावर औषधं शोधणं सुरू झालं. ‘फायनल फँटसी’चा डिझायनर हिरोयुकी इतो याला फॉर्म्युला वनच्या गाड्या एकमेकींना मागे टाकताना पाहून कल्पना सुचली. ज्याचा वेग जास्त, त्याचा चान्स आधी, आणि आपण मेन्यूत चाचपडत बसलो तरी घड्याळ थांबत नाही. १९९१ च्या ‘फायनल फँटसी ४’मध्ये ही पद्धत आली. १९९४ चा ‘मदर २’ (जपानबाहेर ‘अर्थबाउंड’) जास्त शहाणा निघाला. शत्रू समोर दिसतो, आणि तो तुमच्यापुढे अगदीच किरकोळ असेल तर लढाई न होताच विजय जाहीर. दुखणं चान्सचं नसून निरर्थक लढायांचं आहे, हे तिथे नेमकं ओळखलं होतं.

आपल्याकडे हे खेळ दुकानात क्वचितच दिसत. नक्कल कन्सोलच्या कॅसेटींवर ‘मारिओ’ नि ‘कॉन्ट्रा’ असायचे. ‘पोकेमॉन’ अनेकांना भेटला तो कॉम्प्युटरवरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये. स्पेसबार दाबून धरायचा, खेळ भरधाव पळायचा, आणि गुहेतले झुबॅट (वटवाघळासारखे पोकेमॉन) एकामागून एक निकालात निघायचे. पुढे कंपन्यांनीच ही सोय दिली. २०१७ च्या ‘फायनल फँटसी १२’च्या नव्या आवृत्तीत वेग वाढवायचं बटणच आहे.

‘फायनल फँटसी’ने नंतर टर्न सोडलेच. २०१६ चा पंधरावा आणि २०२३ चा सोळावा सरळ ॲक्शन खेळ आहेत. पण त्याच २०२३ मध्ये ‘बॉल्डर्स गेट ३’ पूर्ण टर्न-बेस्ड असूनही वर्षातला सर्वोत्कृष्ट खेळ ठरला. त्यात लढाया मोजक्या आणि प्रत्येकीची जागा वेगळी: कुणाला कड्यावरून ढकला, कुणाच्या पायाखालच्या तेलाला आग लावा. तरी गॉब्लिनांच्या तळावर पंधरा-वीस जण एकेक करून चाल खेळतात तेव्हा मीही मोबाइल हातात घेतलाय, खोटं कशाला बोलू.

२०२५ च्या ‘क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्स्पेडिशन ३३’ या फ्रेंच खेळाने नेमकी हीच फट बुजवली. शत्रूचा वार येताना अचूक क्षणी बटण दाबून तो चुकवायचा किंवा परतवायचा. युक्ती नवी नाही, १९९६ च्या ‘सुपर मारिओ आरपीजी’तही होती, पण इथे तिच्यावरच सगळी मदार आहे. पूर्वी शत्रूचा चान्स असताना चहाचा कप भरून आणता यायचा. इथे उठलात की मेलात.