हॅकिंटॉशवरील ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न : पार्श्वभूमी

पणजी-म्हापशातील लग्नाचे व्हिडिओ तयार करणारे स्टुडिओ असोत किंवा फोंडा परिसरातील जत्रांच्या नाटकांचे चित्रीकरण करणारे असोत, गोव्यातील छोट्या संकलनकारांना साध्या पीसीवर मॅकओएस ही ॲपलची प्रणाली चालवावीशी वाटली, त्यामागे बहुधा केवळ मॅकवर चालणारे फायनल कट प्रो हे ॲपलचे संकलन-सॉफ्टवेअर हेच कारण होते. २०११ मध्ये हे सॉफ्टवेअर नव्याने लिहिले गेले आणि दृश्य परिणामांचे बरेचसे काम प्रोसेसरकडून ग्राफिक्स कार्डाकडे गेले. तेव्हापासून हॅकिंटॉश, म्हणजे मॅकओएस घातलेला साधा पीसी, उपयोगाचा की केवळ हौसेचा, हे कार्डावर ठरू लागले. आवाज, नेटवर्क आणि झोपेतून जागे होणे या अडचणींवर काही ना काही उपाय निघत असे, पण कार्डाला प्रणालीशी जोडणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हरच, नसेल तर पडद्यावर चित्र दिसूनही संकलन करणे अशक्य असे.

सुरुवातीचा काळ थोडक्यात सांगता येतो. इंटेल प्रोसेसरकडे वळण्याची घोषणा ॲपलने जून २००५ मध्ये केली आणि असे पहिले मॅक जानेवारी २००६ मध्ये आले. ॲपलचे ड्रायव्हर कार्डाचा ओळख क्रमांक पाहून लागू होत, आणि पीसीसाठी बनवलेल्या कार्डाच्या रॉममध्ये (कार्डावरील कायमच्या स्मृतीत) मॅकला अपेक्षित असलेली माहिती नसे. म्हणून ती माहिती बाहेरून पुरवावी लागे. आधी नॅटिटसारख्या केक्स्टमधून (प्रणालीच्या गाभ्याला जोडायच्या पुरवणीतून), मग ईएफआय स्ट्रिंगमधून (सुरू होताना प्रणालीला पुरवलेल्या माहितीच्या ओळीतून) आणि पुढे बूटलोडरमधील (प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधील) एका पर्यायातून हे काम होऊ लागले. हे सारे स्वयंसेवकांनी केले आणि ते त्यांच्याच हाती राहिले. ॲपलचा परवाना ही प्रणाली केवळ ॲपलच्याच संगणकांवर वापरण्याची मुभा देतो. २००८ मध्ये मॅकओएस घातलेले पीसी विकू लागलेल्या फ्लोरिडातील एका कंपनीला डिसेंबर २००९ मध्ये न्यायालयाने कायमची मनाई केली. त्यामुळे अशा यंत्रावरील ड्रायव्हरची जबाबदारी घेणारा कोणी विक्रेता पुढे उभा राहिला नाही.

या सगळ्या खटाटोपामागचा नियम मात्र साधा होता. जी चिप ॲपलने स्वतःच्या एखाद्या मॅकमध्ये बसवली, तिच्याच कुळातले पीसी कार्ड चालण्याची शक्यता असे. २०१२ च्या मॅकबुक प्रो आणि आयमॅकमध्ये एन्व्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीच्या केप्लर पिढीच्या चिप होत्या आणि म्हणूनच जीटीएक्स ६५० किंवा ६६० ही त्याच पिढीची कार्डे फारशी खटपट न करता चालत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून कार्ड मागवणाऱ्या गोव्यातील माणसाला त्या काळात एवढे पाहून घेतले तरी पुरे होई.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. २०१३ च्या अखेरीस आलेल्या मॅक प्रोमध्ये एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीची दोन कार्डे होती, २०१४ च्या रेटिना आयमॅकमध्येही एएमडीच होते आणि त्याच वर्षीच्या मध्यात आलेल्या मॅकबुक प्रोनंतर एन्व्हिडियाची चिप कोणत्याही मॅकमध्ये दिसली नाही. मॅक्सवेल आणि पास्कल या पुढच्या पिढ्यांना ॲपलच्या प्रणालीत मूळ आधार नव्हता. तो एन्व्हिडिया स्वतः वेब ड्रायव्हर या वेगळ्या उतरवून घ्यायच्या ड्रायव्हरमधून देत असे. जुन्या मॅक प्रोच्या मालकांसाठी दिलेला हा ड्रायव्हर हॅकिंटॉशवरही तितकाच चाले. पास्कल कार्डे मे २०१६ मध्ये बाजारात आली, तर त्यांचा मॅक ड्रायव्हर एप्रिल २०१७ मध्ये आला. शिवाय हा ड्रायव्हर प्रणालीच्या नेमक्या बिल्ड क्रमांकाशी बांधलेला असे. ॲपलने सुरक्षेसाठी छोटासा अपडेट दिला तरी नवा ड्रायव्हर येईपर्यंत थांबावे लागे, आणि घाईने अपडेट करणाऱ्याचे कार्ड प्रवेग (ग्राफिक्सच्या कामाला कार्डाकडून मिळणारा वेग) गमावून बसे.

अशा स्थितीत २४ सप्टेंबर २०१८ रोजी मोहावे ही मॅकओएसची आवृत्ती आली आणि तिच्यासाठी वेब ड्रायव्हर आलाच नाही. आजही सर्वाधिक वाद होतो तो याच निर्णयावरून. मॅकओएसवरील ड्रायव्हरवर ॲपलचे पूर्ण नियंत्रण असून त्यांच्या मान्यतेशिवाय तो प्रसिद्ध करता येत नाही, अशी भूमिका एन्व्हिडियाने मांडली. ॲपलने सविस्तर कारण जाहीर केले नाही. ॲपलच्या बाजूने म्हणता येईल ते असे, की ग्राफिक्स ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात चालतो, मेटल या ॲपलच्या ग्राफिक्स तंत्रासाठी ड्रायव्हर लिहिण्याची व्यवस्था बाहेरच्यांसाठी खुली नाही आणि हाय सिएरा या आदल्या आवृत्तीवरील काही वेब ड्रायव्हरमध्ये खिडकी सरकवतानाही अडखळ जाणवत असे. हे मुद्दे खोटे नाहीत, पण पुरेसेही नाहीत. मोहावेसाठी मेटल चालवणारे कार्ड आवश्यक होते, आणि जुन्या मॅक प्रोसाठी ॲपलने स्वतः दिलेल्या यादीत एन्व्हिडियाची केप्लर पिढीची जीटीएक्स ६८० आणि क्वाड्रो के५००० ही कार्डे होती. पास्कल कार्डांवर मेटल आदल्या आवृत्तीत चालत होतेच. म्हणजे अडसर कार्डाच्या क्षमतेत नव्हता. तो मान्यतेत होता, आणि म्हणून या निर्णयाला धोरणाचा निर्णय म्हणणेच योग्य ठरते. त्याची मुळे २००८ मध्ये मॅकबुक प्रोमध्ये बिघडलेल्या एन्व्हिडियाच्या सदोष चिपांपर्यंत नेली जातात. ती नाराजी खरी असली, तरी त्यानंतरही ॲपलने अनेक वर्षे त्याच कंपनीच्या चिप वापरल्या, हेही लक्षात घ्यायला हवे.

त्याचा भार पडला तो सामान्य वापरकर्त्यावर. रंगसंस्कारासाठी दाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर आणि त्यासाठी कुडा हे कार्डावर गणना करण्याचे एन्व्हिडियाचे तंत्र हवे म्हणून ज्यांनी जीटीएक्स १०७० किंवा १०८० हे पास्कल कार्ड घेतले होते, त्यांना हाय सिएरावर थांबणे किंवा चांगले चालणारे कार्ड काढून विकणे हे दोनच मार्ग उरले. नोव्हेंबर २०१९ मध्ये कुडाची १०.२ ही मॅकसाठीची शेवटची आवृत्ती ठरली, आणि २०२१ च्या माँटेरे या आवृत्तीमधून केप्लरचे ड्रायव्हरही काढले गेले.

यानंतर सारा ओघ एएमडीकडे वळला. २०१७ मध्ये ॲपलने विकासकांना दिलेल्या बाह्य ग्राफिक्स संचात एएमडीचे आरएक्स ५८० होते आणि तेच कार्ड हॅकिंटॉशचे प्रमाण बनले. त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या ‘२०४८एसपी’ प्रकाराचा ओळख क्रमांक मात्र वेगळा असल्याने तो बदलून दाखवावा लागे. जुनी कार्डे घेणारे इथेच बहुधा फसत. व्हॉटएव्हरग्रीन या केक्स्टने पूर्वीच्या अनेक सुट्या दुरुस्त्या एकत्र आणल्या, तर २०१९ मध्ये आलेल्या ओपनकोरने बूटलोडरची शिस्त बदलली. आरएक्स ५७०० त्याच वर्षी कॅटालिना १०.१५.१ मध्ये चालू लागले. काळा पडदा टाळण्यासाठी त्याला एक बूट आर्ग्युमेंट (प्रणाली सुरू करतानाची सूचना) द्यावे लागे, इतकेच. आरएक्स ६८०० आणि ६९०० यांना २०२१ मध्ये बिग सर ११.४ मध्ये आधार मिळाला, पुढे ६६०० लाही मिळाला. मधले ६७०० मात्र वगळले गेले, कारण ती चिप कोणत्याच मॅकमध्ये नव्हती. जुना नियम इथेही तसाच लागू झाला.

दरम्यान जून २०२० मध्ये ॲपलने इंटेल प्रोसेसर सोडून स्वतःच्या चिपांकडे जाण्याची घोषणा केली होती. २०२३ च्या मॅक प्रोमध्ये स्लॉट आहेत, पण त्यांत ग्राफिक्स कार्ड चालत नाही आणि आरएक्स ७००० मालिकेला मॅकओएसमध्ये आधार मिळाला नाही. इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती टाहो असेल, हे जून २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे चालणाऱ्या कार्डांची यादी आरएक्स ६९०० पाशी संपली आहे आणि आज नवे यंत्र जुळवणाऱ्याला त्या यादीतलेच कार्ड, तेही बहुधा वापरलेले, शोधावे लागते.