खिडकीत कूलर, अंगणात नेट नाही

उन्हाळा लागला की आपल्याकडे कूलर बाहेर निघतो, त्यात नवा वाळा भरला जातो आणि तो समोरच्या खोलीच्या खिडकीत चढतो. रात्री अंगणात खाटा पडतात. तेव्हा कळतं, की परवापर्यंत खाटेवर पडल्या पडल्या चालणारं वायफाय आता मिळतच नाही. शिव्या कंपनीला. कंपनीचा दोष नसतोच असं नाही, पण ते तपासणं सोपं आहे. राउटरशेजारी उभं राहून मोबाइलवर स्पीड टेस्ट करा. तिथेही नेट रखडत असेल तर दुखणं लाइनीत आहे. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडली असेल. राउटरजवळ ठणठणीत आणि अंगणात गायब, असं असेल तर चोर घरातच आहे.

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. राउटर त्या साधारण दोन फ्रिक्वेन्सींवर सोडतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास, ५ गिगाहर्ट्‌झची साधारण सहा. लहर धातूवर आदळली की धातूतले मोकळे इलेक्ट्रॉन तिच्याबरोबर हलतात आणि ती परत फेकली जाते. त्यासाठी जाड पत्रा लागत नाही. बारीक जाळीही पुरते, फक्त तिची भोकं लहरीच्या लांबीपेक्षा बरीच लहान हवीत. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या काचेतली जाळी हेच काम करते.

जाड भिंतींच्या घरातून सिग्नलला बाहेर पडायची सोपी वाट म्हणजे खिडकी. तिथेच आपण पत्र्याचं खोकं बसवतो, तेही खाली टाकीभर पाणी घेऊन. पाणी या लहरी शोषतं. (पाण्याचा रेणू नेमका याच फ्रिक्वेन्सीला दाद देतो, असं बरेचदा वाचायला मिळतं. ते खरं नाही. साध्या तापमानाचं पाणी सगळ्यात जास्त शोषतं ते २० गिगाहर्ट्‌झच्या आसपास.)

लोखंडी कपाट, धान्याची टिनाची कोठी, टिनाचं शेड ही सगळी त्याच जातीची. मातीच्या दीड-दोन फुटी भिंती कोरड्या असल्या तर थोडंफार जाऊ देतात, पावसाळ्यात ओल धरली की जास्त गिळतात. ५ गिगाहर्ट्‌झ त्यात आधी मरतो. म्हणून अंगणासाठी, मागच्या खोलीसाठी २.४ च बरा, वेग कमी असला तरी. भाव वाढायची वाट पाहत खोलीत भरून ठेवलेला कापूस मात्र यात निर्दोष. कोरड्या कापसाच्या ढिगात बहुतेक हवाच असते. धान्याच्या पोत्यांच्या थप्पीचं तसं नाही. दाण्यातला ओलावा लहरी शोषतो, आणि त्यावरच चालणारी ओलावा मोजायची यंत्रंही आहेत.

आता राउटर कुठे असतो ते बघा. लाइन जोडायला आलेला पोरगा जिथून वायर आत येते तिथेच खिळा ठोकतो, नाहीतर राउटर टीव्हीच्या मागे किंवा कपाटावर ठेवून निघून जातो. माझ्या मते नवा राउटर घेण्याआधी हा जुना हलवून पाहावा. खर्च फार तर थोड्या वायरचा. सिग्नल मोजणारी फुकट ॲप मिळतात. त्यात आकडे उणे दिसतात. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला जेमतेम मेसेज. तीन आकडे घसरले की ताकद निम्मी. राउटर साधारण १०० मिलिवॅट सोडतो. उणे ७० ला मोबाइलपर्यंत त्याचा अब्जावा हिस्सा पोचलेला असतो, आणि तेवढ्यावरही काम चालतं! असं असताना दोन फूट सरकवल्याने फरक पडतो यात नवल काय?

राउटर माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. अँटेना उभी ठेवा, कारण तिचा सिग्नल मेदूवड्याच्या आकाराचा पसरतो; अँटेना भोकात, वडा चहूबाजूंनी. टोकाच्या दिशेला जवळजवळ काहीच जात नाही. माडीवर नेट हवं असेल तर एखादी अँटेना आडवी करून पाहा. आणखी उंच म्हणून टिनाच्या छताखाली मात्र चढवू नका. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात, आणि चंद्रपूरचा मे महिना सावलीतच ४५ ओलांडतो. टिनाखालचं तर विचारूच नका.

एवढं करूनही भागलं नाही तर रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे सोडणारी डबी. तो अर्ध्या वाटेवर, जिथे सिग्नल अजून चांगला येतो तिथे लावायचा. मागच्या खोलीत लावला तर तो मेलेलाच सिग्नल पुढे ढकलणार. साधा रिपीटर एकाच चॅनलवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. त्यापेक्षा लॅन केबल ओढून दुसऱ्या टोकाला जुना राउटर जोडलेला कधीही चांगला. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते.

पण घरापासून कोठ्यापर्यंत, गोठ्यातल्या कॅमेऱ्यासाठी, तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे विजा पडतात, आणि जवळ कुठे पडली तरी त्या तारेतून झटका येऊन दोन्हीकडची यंत्रं जळू शकतात. तिथे धातूची तार नसलेली फायबर टाकावी. तिच्यातून उजेड जातो, वीज नाही.