बालसुरक्षा आसन

बालसुरक्षा आसन : मोटारीच्या आसनावर घट्ट बसवायचे आणि लहान मुलाला पट्ट्यांनी बांधून ठेवणारे स्वतंत्र आसन. बोलण्यात ‘बेबी सीट’ किंवा ‘कार सीट’. कोकणात त्याची गरज सर्वांत ठळकपणे जाणवते ती गणपती, शिमगा आणि मे महिन्याच्या सुट्टीत, मुंबई-गोवा महामार्गाने गावी येणाऱ्या चाकरमान्यांच्या गाड्यांत.

उगम : याबाबत एकमत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत मिळणारी आसने मुलाला उंचावर बसवण्यापुरतीच होती. सुरक्षा हा त्यांचा हेतू नव्हता. सुरक्षेसाठीच्या आसनाचे श्रेय सामान्यतः १९६२ च्या सुमारास ब्रिटनमधील जीन एम्स आणि अमेरिकेतील लेनर्ड रिव्हकिन यांना दिले जाते. स्वीडनचे बर्टिल ऑल्डमन यांनी त्याच दशकाच्या पूर्वार्धात मागे तोंड करून बसवण्याचे आसन मांडले. अर्भकाच्या मानेवरचा ताण कमी करणारे तत्त्व त्यातच असल्याने आजच्या आसनाचा उगम तेथे मानणे अधिक सयुक्तिक ठरते. वापर सक्तीचा करणारा पहिला कायदा अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९७८ मध्ये अमलात आला.

कायदा व वय : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-बी आले. १४ वर्षे पूर्ण न झालेले मूल सीटबेल्टने वा बालसुरक्षा आसनात बांधलेले नसल्यास चालकाला १,००० रुपये दंड आहे. मात्र आसन कोणत्या वयापर्यंत आणि बेल्ट कधीपासून, ही सीमा कलमात आखलेली नाही. ती मुलाच्या शरीरावरूनच ठरवावी लागते. लहान मुलाच्या कमरेच्या हाडाचा कंगोरा पुरता वाढलेला नसतो, त्यामुळे मोठ्यांचा बेल्ट धडकेत पोटावर सरकून आतडी व यकृताला इजा करतो, आणि वरचा पट्टा गळ्यावर येतो. युरोपात १५० सेंमी उंचीपर्यंत आसन लागते. सदस्य देशांना ही मर्यादा १३५ सेंमी ठेवण्याची मुभा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या जुन्या ‘आर ४४’ नियमात वजनाचे गट आहेत, तर २०१३ च्या ‘आर १२९’ मध्ये उंची धरतात व किमान १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचे आहे. दुसरी पद्धत अधिक विश्वसनीय आहे. भारतीय मानक ‘एआयएस ०७२’ होय.

बसवणे : गाडीचा बेल्ट आसनात जिथून जातो तिथे धरून हलवल्यास आसन अडीच सेंमीहून जास्त हलता कामा नये. मागे तोंड असताना खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खाली असावेत, पुढे तोंड असताना पातळीला किंवा किंचित वर. पट्टा चिमटीत धरता आला तर तो ढिला आहे. पावसाळ्यात रेनकोट वा जाड स्वेटर घालून पट्टे आवळू नयेत. कपडा दबला की पट्टा ढिला पडतो. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या आसनावर मागे तोंडाचे आसन कधीही ठेवू नये. भाड्याच्या गाडीत, विशेषतः तिसऱ्या रांगेत, आयसोफिक्सची (बेल्टशिवाय आसन थेट गाडीला अडकवण्याची) कडी सहसा नसते आणि काही गाड्यांचा बेल्ट अर्भक-आसनाभोवती पुरत नाही. बूस्टरला (मोठ्या मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट नीट बसवणाऱ्या आसनाला) खांदा व कमर दोन्हींवरून जाणारा तीन-बिंदू बेल्टच लागतो.

सर्वांत मोठी चूक घाटात होते. कशेडी किंवा परशुराम घाटात मूल रडू वा ओकू लागले की त्याला मांडीवर घेतात. ताशी ५० किमी वेगाची गाडी धडकून सुमारे ६० सेंमी अंतरात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १६० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. इतके बळ कोणाच्याही हातांत नसते. त्यापेक्षा गाडी सुरक्षित जागी थांबवावी. दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडला फेरीबोटीतून उतरतानाही पट्टे पुन्हा लावायचे राहून जातात. किनाऱ्यावरची वाळू बकलात अडकून ते अर्धवट बसते; ते उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे पाण्याने धुवावे, तेल घालू नये. अपघातात सापडलेले आसन पुन्हा वापरू नये.

दुचाकी : १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षा पट्टा सक्तीचा आहे; नऊ महिन्यांपासून हेल्मेटही लागते. वेगमर्यादा ताशी ४० किमी. रिक्षा व वडापच्या (अनेक प्रवासी मिळून भाड्याने नेणाऱ्या) अनेक वाहनांत मागे सीटबेल्टच नसल्याने तिथे आसन बांधता येत नाही.