आवाज कटून रायला!

पुण्यात शिकणारं पोरगं लॅपटॉपवरून कॉल लावतं आणि दारव्हा तालुक्यातल्या गावात सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरसमोर मायबाप बसतात. दोन मिनिटं बरं चालतं, मग सुरू होतं, “हॅलो, हॅलो, आवाज कटून रायला तुहा!” यावर भोवती जमलेल्यांचा उपाय ठरलेला असतो: मोठं रिचार्ज मारा, स्पीड वाढवा. हा उपाय बहुतेक वेळा चुकीचा आहे.

आधी हिशेब बघू. जुन्या टेलिफोनने आवाजातला साधारण 300 ते 3400 हर्ट्‌झ (म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं) एवढाच पट्टा पुरेसा मानला. तो आकड्यांत उतरवायला सेकंदाला 8000 वेळा मोजायचा आणि प्रत्येक मोजणीला 8 बिट (0 किंवा 1 असे अंक) द्यायचे, म्हणजे सेकंदाला 64,000 बिट. 1972 सालच्या ‘जी.711’ मानकाचं हेच गणित. 2012 साली आलेली, इंटरनेटवरच्या कॉलमध्ये वापरली जाणारी ‘ओपस’ पद्धत 24,000 बिटांतच त्याहून स्वच्छ आवाज देते. कारण ती आवाजाचा प्रत्येक हेलकावा न पाठवता, मागच्या मोजण्यांवरून पुढची किती ओळखता येते ते पाठवते आणि चुकलेल्या अंदाजाची दुरुस्ती सोबत जोडते. या कल्पनेच्या जनकांपैकी एक बिष्णू अटल. कानपूरचा जन्म, लखनौ आणि बंगळूरला शिक्षण, पुढे अमेरिकेत बेल लॅब्ज ही टेलिफोन संशोधनाची प्रयोगशाळा. आपल्याकडे किती जणांना हे नाव माहीत आहे?

हा आवाज 20-20 मिलिसेकंदांचे तुकडे करून निघतो, सेकंदाला 50 पॅकेटं. एका पॅकेटात 60 बाइट (8 बिटांचा एक बाइट) आवाज आणि 40 बाइट नुसता पत्ता, अनुक्रमांक, वेळेची नोंद वगैरे. सगळं मिळून सेकंदाला 40,000 बिट. सेवा केंद्रातलं 10 मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला एक कोटी बिटांचं कनेक्शन याच्या अडीचशे पट आहे. मग कमी काय पडतं?

कमी पडतो नियमितपणा. पुण्याहून इकडे सहा-सातशे किलोमीटर काचेच्या तारेतून यायला प्रकाशाला तीन-चार मिलिसेकंद पुरतात. बाकीचा वेळ जातो वाटेतल्या राउटरांच्या, म्हणजे पॅकेटांना पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्रांच्या रांगांत. एक पॅकेट 30 मिलिसेकंदांत येतं, दुसरं 32 मध्ये, आणि तिसऱ्याच्या पुढे कुणाचा तरी सिनेमा डाउनलोड होत असतो म्हणून ते 90 मध्ये. या चढउताराला ‘जिटर’ म्हणतात. कान मात्र दर 20 मिलिसेकंदांनी पुढचा तुकडा मागतोच.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. आपल्याकडे उन्हाळ्यात नळ कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून घरोघर ड्रम भरून ठेवतात आणि ड्रममधून पाणी हवं तेव्हा काढतात. कॉम्प्युटरही तेच करतो. आलेली पॅकेटं लगेच न वाजवता थोडी साठवतो, क्रमाने लावतो आणि ठरल्या चालीने वाजवतो. ड्रम मोठा असेल तर खंड पडत नाही, पण पाणी शिळं होतं, म्हणजे आवाज उशिरा पोचतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा. तो 400 च्या वर गेला की दोघं एकदमच बोलतात आणि एकदमच गप्प होतात.

म्हणून हा ड्रम बोलणं चालू असतानाच लहान-मोठा होतो. कसा, ते ऐका. ‘आ’ म्हणताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा उघडमीट करतात, म्हणजे साधारण दर आठ-दहा मिलिसेकंदांनी तीच लाट पुन्हा येते. बायकांत साधारण दर पाच मिलिसेकंदांनी. साठा कमी झाला की प्रोग्राम अशी एक लाट दोनदा वाजवतो आणि स्वर किंचित लांबतो. साठा जास्त झाला की एक लाट गाळतो. सांधा असा बेमालूम की कानाला पत्ता लागत नाही. आईचा ‘हो’ तिने म्हटला त्याहून लांब ऐकू आलेला असू शकतो!

पॅकेट हरवलं तरी हीच युक्ती. शेवटची लाट उचलायची आणि भोकावर ठिगळ लावायचं. जी.711 च्या ठिगळात 10 मिलिसेकंदांनंतर आवाज हळूहळू उतरवत 60 पर्यंत तो शून्यावर आणतात. सलग दोन-तीन पॅकेटं गेली की तीच ती लाट घासून वाजते आणि माणूस यंत्रासारखा बोलू लागतो. स्वरांना हे ठिगळ चालतं, व्यंजनांना नाही. ‘क’, ‘त’, ‘प’ यांचा फुटणारा भाग दहा-वीस मिलिसेकंदांचाच, तो एका पॅकेटासकट नाहीसा होतो. ‘स’ लांब असतो, पण सलग चार-पाच पॅकेटं गेली तर ‘सोयाबीन साठ पोती’ पलीकडे ‘आठ पोती’ होऊन पोचतं.

हरवलेलं पॅकेट पुन्हा का मागवत नाहीत? फाइलसाठी मागवतात. बोलण्यात ते परत येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. 1974 साली अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकन जाळ्यावर, पॅकेटांतून आवाज पाठवणाऱ्या डॅनी कोहेन यांचा हाच आग्रह होता. हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवणारा नियम म्हणजे टीसीपी, पॅकेट नुसतं पत्त्याकडे नेणारा नियम म्हणजे आयपी; 1978 मध्ये टीसीपीतून आयपी वेगळं काढलं गेलं त्यामागे ही गरज होती. त्यातूनच 1980 चा यूडीपी हा साधा नियम आला: पॅकेट पाठवायचं, पोचलं तर पोचलं.

‘ढग आले की नेट जातं’ हेही अर्धवट खरं. मोबाइलच्या लहरींना ढगांची फारशी पर्वा नसते. नेट जातं ते बहुतेकदा वेगळ्या कारणाने: अशा हवेत लाइट जाते, टॉवरची बॅटरी उतरते. मात्र टॉवर-टॉवरमधला मायक्रोवेव्ह दुवा 10 गिगाहर्ट्‌झच्या वरचा असेल तर धो-धो पाऊस तो खरोखर खातो.

रिचार्ज मारण्याआधी स्पीड टेस्ट करा आणि मोठ्या आकड्याऐवजी खाली बारीक अक्षरांत असलेला जिटरचा आकडा वाचा. तो 30 मिलिसेकंदांच्या वर असेल तर त्याच कनेक्शनवर चाललेले डाउनलोड थांबवा, वाय-फाय सोडून कॉम्प्युटरला राउटरची वायर जोडा, आणि पुन्हा मोजा. आकडा तेवढाच राहिला तर अडचण बहुधा केंद्राबाहेरच्या लायनीत आहे, आणि तक्रार करताना हाच आकडा सांगा.