१६ मिलिसेकंदांत काम कुणी करायचं? मोबाइल ॲनिमेशनची पार्श्वभूमी

६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, म्हणून एका फ्रेमच्या, म्हणजे पडद्यावरच्या एका चित्राच्या, वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात बोटाचा स्पर्श वाचायचा, मांडणी मोजायची आणि चित्र काढायचं. फ्रेम हुकली की हालचाल अडखळते. नागपुरात आयटी पार्कमध्ये, मिहानमध्ये ॲप बनवणारी मुलंमुली रोज ॲनिमेशनच्या दोन ओळी लिहितात, पण त्या ओळींमागचं काम फोनमध्ये नेमकं कोण करतं, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. ॲनिमेशन फ्रेमवर्कचा, म्हणजे हे काम करणाऱ्या तयार कोडच्या संचाचा, इतिहास मला तरी याच प्रश्नाचा इतिहास वाटतो.

ॲपलनं २००६ साली कोअर ॲनिमेशन जाहीर केलं. २००७ मध्ये ते मॅकवर आलं आणि आयफोनचा इंटरफेसही त्यावरच उभा राहिला. प्रोग्रामरनं फक्त सांगायचं: हा लेयर (चित्राचा थर) इथून तिथे न्या, ०.३ सेकंदांत, शेवटी वेग कमी करत. मधल्या फ्रेम रेंडर सर्व्हर काढतो, आणि ही ॲपच्या बाहेर चालणारी स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे फोनमधलाच वेगळा प्रोग्राम असतो. त्यामुळे ॲपचा मेन थ्रेड (कामांची मुख्य रांग) अडकला तरी एकदा सुरू झालेली हालचाल थांबत नाही. आयफोन सुरुवातीपासून गुळगुळीत वाटला, त्यात या वाटणीचा मोठा हात आहे.

अँड्रॉइडची वाट वेगळी होती. २००८ च्या व्ह्यू ॲनिमेशनमध्ये फक्त चित्र सरकायचं. बटण उजवीकडे गेलेलं दिसे, पण दाबायचं मात्र जुन्याच जागी! फेब्रुवारी २०११ मध्ये अँड्रॉइड ३.० सोबत प्रॉपर्टी ॲनिमेशन आलं आणि बटणाची खरी जागाच बदलू लागली. तरी दर फ्रेमची आकडेमोड ॲपच्या मेन थ्रेडवरच राहिली. २०१२ च्या जेली बीन या अँड्रॉइड आवृत्तीत ‘प्रोजेक्ट बटर’नं ती पडद्याच्या ठोक्याशी जुळवली, कोरिओग्राफर हा घटक तेव्हाचाच. चित्र काढायला वेगळा रेंडर थ्रेड मिळाला तो २०१४ च्या लॉलीपॉप आवृत्तीत.

दुसरा मोठा बदल ‘स्प्रिंग’चा, म्हणजे ताणलेल्या स्प्रिंगसारख्या हालचालीचा. ठरलेल्या वेळेचं ॲनिमेशन मध्येच बोटानं अडवलं की ते झटका देतं. स्प्रिंग आत्ताची जागा आणि आत्ताचा वेग घेऊन तिथूनच पुढे जाते. आयओएस ७ मध्ये, म्हणजे २०१३ साली, ती यूआयकिटमध्ये (ॲपलच्या इंटरफेस बनवायच्या संचात) थेट वापरता येऊ लागली. एकेका फ्रेमच्या गतीइतकाच हाताला मिळणारा हा प्रतिसाद मोलाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. फ्लटर १.० (डिसेंबर २०१८) आणि जेटपॅक कंपोज १.० (जुलै २०२१) या ॲपचा इंटरफेस लिहायच्या गूगलच्या साधनांनी लिहिण्याची पद्धत पालटली, फ्रेमचा हिशेब तोच राहिला.

आपल्याकडे त्या हिशेबात ऊन येतं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. डिलिव्हरीवाल्याचा फोन भर दुपारी हँडलवर उघडाच असतो. तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो, आणि एसीत १६ मिलिसेकंदांत बसलेली फ्रेम तिथे बसत नाही. अँड्रॉइडच्या डेव्हलपर ऑप्शन्समध्ये रेंडरिंगचे, म्हणजे प्रत्येक फ्रेम काढायला लागलेल्या वेळेचे, उभे पट्टे पडद्यावर दाखवायची सोय आहे. त्यातली आडवी हिरवी रेघ म्हणजे ही १६ मिलिसेकंदांची मर्यादा. स्वस्तातला फोन घेऊन, तो तापलेला असताना, हे पट्टे बघावेत. १२० हर्ट्झच्या पडद्यावर तर हाती ८.३ मिलिसेकंदच उरतात.